खुर्ची फ्रेममध्ये येते

हे लिहायचा हक्क मला आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून आधीच माफी मागतो. अपमान झाला तो माझ्या बाबांचा. आणि बाबा म्हणतात, अपमान झालाच नाही. ज्याच्यावर बेतलं तोच नाही म्हणतो, तेव्हा दुसऱ्याने त्यावर लिहिणं हा आगाऊपणाच झाला. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेत, समोर प्रश्न असताना. इथे मला कुणी काही विचारलेलं नाही.

तरी लिहितो. खुर्चीपासून सुरू करतो, कारण मला दुसरीकडून सुरू करता येत नाही.

खामगावच्या बाहेर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं आवार आहे. तिथे दगडी ओटा आणि ओट्यावर एक वेताची खुर्ची. बाबा त्या खुर्चीवर बसले होते. इतकी वर्षं ते तिथे जात होते आणि त्याच खुर्चीवर बसत होते. त्या दिवशी समोर कॅमेरा लावला होता. कॅमेरावाल्याने डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला,

"भाऊसाहेब, खुर्ची फ्रेममध्ये येते."

आवाराचे मालक भाऊसाहेब म्हणाले, "मग काढा ना. त्या काळात कुठली आली खुर्ची?"

एक गडी पुढे आला. त्याने खुर्चीच्या पाठीला हात घातला. बाबा अजून बसलेलेच होते. गड्याने खुर्ची थोडी हलवली. ऊठ न म्हणता माणसाला उठवायचं असलं की हलवतात तशी. बाबा उठले. खुर्ची आत गेली.

भाऊसाहेब बाबांना म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही खाली. पायरीच्या खाली, मातीत. तिथे पोतं टाकलंय बघा."

बाबा पायऱ्या उतरले.

आम्ही चांभार. बाबा आठवडी बाजारात चपला सांधायला बसायचे, आता पुन्हा बसतात. भाऊसाहेबांचं घराणं जुनं, कापसाच्या व्यापारातलं. जिनिंग बंद पडलं, पण शेती आहे, आवार आहे, आणि त्यांच्या आजोबांची दोन जुनी रिव्हॉल्व्हरं आहेत. ती आता चालत नाहीत. रीतसर नोंद करून काचेच्या कपाटात ठेवली आहेत. पुढे त्यांनी तसलीच आणखी काही जमवली. त्यातल्या एकासोबत ते कमरेला अडकवायचं चामड्याचं एक मूळ होल्स्टर आलं होतं. पापडासारखं वाळलेलं, एका बाजूची शिवण उसवलेली. तसंच नवीन हुबेहूब करून देणारा माणूस ते शोधत होते. शोधत शोधत बाजारात बाबांच्या पोत्यापाशी आले.

बाबा त्याला म्यान म्हणतात. गावातले लोक त्याहून पुढचे. "काय बे, तुहा बाप आता बंदुकीच्या चपला शिवते म्हणे," असं मला चावडीपाशी कितीदा ऐकवलंय. बाबा हसायचे. म्हणायचे, "बंदुकीले दोन पाय नसतात बाप्पा. एकच चप्पल लागते. अर्ध्या कामात पुरे होते."

अर्ध्या कामात काही होत नव्हतं. भाऊसाहेबांना या विषयातलं खरोखरच कळतं. त्यांच्याकडे पुस्तकं आहेत, जुन्या वस्तूंची चित्रं आहेत. भिंगाखाली धरून ते टाका न् टाका पाहायचे. बाबांनी पहिल्यांदा केलेलं म्यान त्यांनी हातात घेतलं आणि परत ठेवलं. "नायलॉनचा दोरा आहे. त्या काळात नव्हता." दुसरं केलं. "हे केमिकलमध्ये कमावलेलं कातडं आहे. त्या काळात नव्हतं." तिसऱ्याला आतून चिकटवायचं सोल्युशन लावलं होतं. "त्या काळात नव्हतं, मिस्त्री." रागावून नाही म्हणायचे. समजावून सांगायचे. बाबा ते ऐकून यायचे आणि घरी येऊन पुन्हा बसायचे.

मग जमलं. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं मिळवलं. गुळाच्या पाण्यात गंजके खिळे मुरवून त्याचा काळा रंग केला. मेण लावलेला सुती दोरा, दोन सुया, एक इकडून एक तिकडून, आरीने पाडलेल्या एकाच भोकातून. आणि फर्मा. चपलेला जसा लाकडी पाय असतो तसं इथे लाकडी रिव्हॉल्व्हर. भाऊसाहेबांनी आपल्या प्रत्येक रिव्हॉल्व्हरचा सागवानी फर्मा करून घेतला होता. कातडं भिजवायचं, फर्म्यावर चढवायचं आणि बोटांनी, हाडाच्या पट्टीने दाबत दाबत बसवायचं. सुकलं की कातडं तो आकार धरतं, मग फर्मा काढला तरी सोडत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे कातडं भराभर सुकतं आणि तडकतं. त्यावर ओलं गोणपाट टाकून मी राखण बसायचो. माझं बारावीचं वाचन तिथेच झालं.

ही म्यानं भाऊसाहेब परदेशात विकतात. तिकडे अशी माणसं आहेत म्हणे, सुट्टीच्या दिवशी जुन्या पलटणींचे कपडे घालून मैदानात उतरतात आणि जुन्या लढाया पुन्हा लढतात. कुणी मरत नाही. संध्याकाळी घरी जातात. त्यांना अंगावरचं सगळं त्याच काळातलं लागतं.

आता खुर्चीचं सांगतो. पहिल्यांदा बाबा आवारात गेले तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "बसा मिस्त्री." बाबांनी मागे वळून पाहिलं की मिस्त्री कोण आला. मग चहा आला. त्यांच्या घरातला फुलाफुलांचा कप, त्यांच्या बायकोने, वहिनींनी, स्वतः आणलेला. बाबांनी ही गोष्ट घरी येऊन मायला सांगितली, मायने गल्लीत सांगितली. "खुर्चीवर बसवते मले. कपात च्या देते. थोच कप, त्यायचा सोताचा." कामापेक्षा बाबा हे जास्त सांगायचे. आमच्या घरी एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. तिची बैठक तडकली तेव्हा बाबांनी ती तड आरीने भोकं पाडून दोन सुयांनी शिवून टाकली, म्यानासारखी. शेजारी हसले. बाबा म्हणाले, "हसा. मले खुर्चीची सवय लागली हाये आता."

म्हणून सांगतो, भाऊसाहेब वाईट माणूस असते तर मला हे लिहावं लागलं नसतं. वाईट माणसाची आम्हाला सवय आहे.

फिल्मचं त्यांनीच काढलं. गिऱ्हाइकांना दाखवायला. होल्स्टर त्या काळी कसं बनायचं, कोण बनवायचं, कुठे बसून बनवायचं. मला म्हणाले, "तूही ये. तू इतिहासाचा विद्यार्थी. तुला आवडेल." मला आवडलंही होतं. खोटं कशाला सांगू. मी हॉस्टेलवरून सकाळीच गेलो. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हत्यारांच्या पिशवीला मायने नवीन बंद शिवून दिला होता.

खुर्ची गेली. मग घड्याळ गेलं. मग शर्ट. अकोल्याच्या नाटकवाल्यांकडून आणलेलं मळकं धोतर बाबांना दिलं. बाबा बनियनवर बसले. कॅमेरावाला म्हणाला, बनियन दिसतं. बनियन त्या काळात नव्हतं. बाबांनी बनियन काढून घडी करून माझ्याकडे दिलं. बाबांची उघडी पाठ मी घरी असलो की रोज पाहतो. तिथे मला तिच्याकडे बघवेना. खांद्याची हाडं वर आलेली, मधे घामाचा पांढरा डाग. कॅमेरावाला मागून आला आणि म्हणाला, "पाठ मस्त आहे काकांची."

मग चष्मा.

"चष्म्याशिवाय आरी चालवता येते का, मिस्त्री?"

"येते ना," बाबा म्हणाले.

येत नाही. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. आरी कातड्यातून गेली आणि डाव्या अंगठ्यात घुसली. बाबांनी अंगठा तोंडात घातला, धोतराला पुसला, पुढचा टाका घातला. कुणी थांबवलं नाही. मीही नाही. बनियनची घडी हातात घेऊन मी उभा होतो.

मग पाणी.

भाऊसाहेब आतून आले ते लांब कोट आणि पागोटं घालून. त्यांच्या आजोबांचं काम तेच करणार होते. हातात तांब्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. "आजोबा मिस्त्रींना पाणी वरूनच द्यायचे. ओट्यावरून. ते खाली ओंजळ धरायचे. मला लाज वाटते त्याची. पण खरं ते दाखवायचं. लपवायचं कशाला?" माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर ना?"

मी मान हलवली. ती मान अजून माझ्या खांद्यावर आहे आणि मला ती जड होते.

कॅमेरावाला बाबांना ओंजळ कशी धरायची ते दाखवायला वाकला. दाखवायची गरज पडली नाही. बाबांनी उजवा हात डाव्याच्या आत ठेवला, कोपरं पोटाला लावली, मान पुढे काढली, ओठ बोटांना टेकवले. तांब्यातून धार आली. एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. पुरे झाल्यावर त्यांनी मान बाजूला केली, एवढीच, आणि धार थांबली. आजपर्यंत मी बाबांना असं पाणी पिताना पाहिलं नव्हतं. हे त्यांना कुणी त्या दिवशी शिकवलं नाही. म्हणजे कधीतरी शिकवलं होतं. त्यांचं लहानपण त्यांनी मला कधी सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "होतं बा जसं सगळ्यायचं असते तसं."

ते तीन वेळा घेतलं. एकदा बाजूने, एकदा वरून, एकदा फक्त हात. प्रत्येक वेळी बाबा पाणी प्यायले. शेवटी कॅमेरावाला म्हणाला, "झालं. थँक यू काका. चहा घ्या सगळ्यांनी." त्याने कॅमेरा बंद केला.

वहिनी चहा घेऊन आल्या. तोच फुलाफुलांचा कप. बाबा अजून खाली पोत्यावर, उघडेच. वहिनी ओट्याच्या कडेला आल्या आणि वाकून कप पुढे केला.

बाबांनी वर पाहिलं आणि ओंजळ धरली.

कप बशीत होता. गरम चहा, वाफ निघत होती. आणि बाबा खाली दोन्ही हात जोडून, कोपरं पोटाला लावून, मान पुढे काढून. वहिनी तशाच वाकलेल्या थांबल्या. "अहो मिस्त्री, कप घ्या ना," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज घाबरला होता. कॅमेरावाला हसला. "काका, कट झालं केव्हाचं." गडी हसला. बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते हात कुणी दुसऱ्यानेच आणून तिथे ठेवलेत अशा नजरेने. मग बाबाही हसले.

भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे आलं का?"

"नाही ना. कॅमेरा बंद होता."

"अरे, हेच तर पाहिजे. हे खरं आहे." ते पायरी उतरून बाबांपाशी आले. "मिस्त्री, पुन्हा करता? चहाचंच घेऊ. मातीच्या भांड्यातून ओतू. गरम नसेल, काळजी करू नका." मग मला म्हणाले, "तू पण बस बाबांशेजारी. बापलेक. शर्ट काढ."

मी म्हणालो, "मी नाही बसणार."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"तू इतिहास शिकतोस ना? मग तुला तर समजलं पाहिजे. आपण काही खोटं करत नाही."

  मी म्हणालो, "हे तुम्ही घेऊ नका. हे बाबांनी केलेलं नाही. हे त्यांच्याकडून झालं." आणि बाबांकडे वळलो. "बाबा, ऊठ."

बाबा उठले नाहीत.

"बस ना बे," ते म्हणाले. हळू, फक्त मला ऐकू येईल असं. "दोन मिनिटं. काऊन नाटकं करून राह्यला?"

मी हॉस्टेलमध्ये कितीतरी वेळा मनात भाषणं केली आहेत. त्यात मी नाही म्हणतो आणि मोठे लोक गप्प होतात. माझा बाप मला बस म्हणतो, हे त्यात कधी नव्हतं. बनियनची घडी मी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि कॅमेऱ्याच्या समोर, बाबांच्या आणि काचेच्या मधे, उभा राहिलो. तिथून हललो नाही. कुणी मला ढकललं नाही. शिवी दिली नाही. भाऊसाहेब म्हणाले, "ठीक आहे. जबरदस्ती नाही." पागोटं काढून त्यांनी काखेत धरलं. कॅमेरावाला म्हणाला, उजेडही उतरलाच आहे. गड्याने आतून खुर्ची आणली आणि ओट्यावर होती तिथेच ठेवली.

बाबांनी शर्ट घातला, चष्मा लावला. खुर्चीकडे गेले नाहीत. चहा उभ्यानेच घेतला.

परतताना बाबांच्या लूनावर मी मागे बसलो होतो. शेतांमधून कापूस वेचून बाया घरी निघाल्या होत्या.  बाबा गाडी न थांबवताच म्हणाले, "माह्या हातानं च्या मागतला. तुहं काय गेलं बे त्याच्यात?"

  माझं गेलं.

पुढच्या आठवड्यात मी घरी असतानाच आवारातून गाडी आली. गडी म्हणाला, फिल्म अर्धवट राहिली आहे, ती होईपर्यंत काम थांबवलंय, फर्मे द्या. तो नम्रपणे बोलला. बाबांनी एकेक फर्मा पुसून दिला. एकावर त्या सकाळीच भिजवलेलं कातडं चढवलेलं होतं. बाबा म्हणाले, "हे ओलं हाये बाप्पा. उद्या नेजो. सुकू दे याले." गडी म्हणाला, सगळे आणायला सांगितलेत. त्याने स्वतःच फर्मा ओढून काढला.

ओल्या कातड्याला स्वतःचा आकार नसतो. ते बाबांच्या हातात लुळं पडलं, जसं मांजराचं मेलेलं पिल्लू. बाबांनी आत चिंध्या कोंबल्या. आकार येईना. मग त्यांनी आपली मूठ आत घातली, दुसऱ्या हाताने वरून दाबत राहिले. ऊन उतरेपर्यंत ते अंगणात तसेच बसले होते, एक हात त्या म्यानात घालून. माय दोनदा जेवायला बोलावून गेली. म्यान सुकलं ते बाबांच्या मुठीसारखं. कुठल्याच रिव्हॉल्व्हरला ते बसणार नाही. ते आमच्या घरी खुंटीवर आहे.

त्यानंतर बाबा बाजारात पोतं टाकून बसू लागले, पूर्वीसारखे. लोक विचारायचे, "काऊन मिस्त्री, बंदुकीवाल्यानं सोडलं का तुमाले?" बाबा चपलेतून मान वर काढत नसत. माझ्याशी ते बोलत नव्हते असं नाही. परीक्षा केव्हा, जेवला का, एवढं विचारायचे. पण एक गोष्ट मी पाहिली. चहा आणला की बाबा हात पुढे करत नाहीत. माय कप घेऊन उभी राहते. बाबा म्हणतात, "ठेव तथी." कप खाली टेकला की मग उचलतात. माझ्या हातून घेत नाहीत, मायच्या हातून घेत नाहीत. आपल्या हातांवरचा त्यांचा विश्वास गेला आहे. ज्या हातांनी दोन सुया एका भोकातून एकमेकींना न लागता जातात, ते हात.

हे मायला कळलं असेल. ती म्हणते, "त्याले कंटाळा आला हाये."

हॉस्टेलमध्ये माझ्या वरच्या वर्गात एक मुलगा आहे, वकिली करणार म्हणतो. धीर करून मी त्याला सांगितलं. तो ताठ बसला. "जातीचं नाव घेतलं का?"

"नाही."

"शिवी? हात लावला?"

"नाही."

"मग केलं काय त्यायनं?"

"खुर्ची काढली."

"आन मग?"

"मग परत दिली. चहा दिला."

 त्याला माझी कीव आली असावी. "तू थोडा झोप," तो म्हणाला.

त्या दिवशी मला समजलं की जे घडलं ते एका वाक्यात सांगता येत नाही. एका वाक्यात ते नाहीसं होतं. म्हणून हे सगळं लिहायला बसलो. रोज थोडं लिहिलं आणि रोज वाटलं, फाडून टाकावं. बाबांचं काम माझ्यामुळे गेलं, हे खरंच आहे. माझ्या कॉलेजमुळे गेलं. मी तिथे नसतो तर बाबांनी पुन्हा ओंजळ धरली असती, चहा प्यायले असते, हसले असते, लूनावर बसून घरी आले असते आणि म्हणाले असते, कपात च्या देते मले. त्यांची खुर्ची मीच काढली का? हा प्रश्न मला मेसमध्ये घास घेताना पडतो, वर्गात पडतो. सर इतिहासाच्या तासाला साधनं शिकवतात. अस्सल साधन कोणतं, नक्कल कोणती. मी वहीत काही लिहीत नाही. मला तो कप दिसतो.

आणि मी वाट पाहत होतो. आवारातून निरोप येईल, फर्मे परत येतील, याची. येऊ नयेत असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं. अशा माणसाला काय म्हणतात, मला माहीत नाही.

काल मायचा फोन आला. माय कधी फोन करत नाही.

"फर्मे आले घरी," ती म्हणाली.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"आयकून राह्यला का? गोणपाटात बांधून आणून देले त्यायनं. सगळे हायेत."

"बाबा कोठी हाये?"

"अथीच हाये. एकेक पुसून राह्यला." मग म्हणाली, "येत्या रविवारी जायाचं हाये त्याले. थे कॅमेरावाले येऊन राह्यले पुन्हा. च्याचं घेतो म्हणे, राह्यलेलं. तुह्या बाबानं हो म्हटलं."

"माय..."

"तू येऊ नको म्हणे."

"कोण म्हणे? भाऊसाहेब?"

"नाही," माय म्हणाली. "तुहा बाबा."

बातमी एवढीच.  

मी रविवारी जाणार आहे. शनिवारीच घरी जाईन आणि ती लाल प्लास्टिकची खुर्ची घेईन, बाबांनी शिवलेली. बसवाला टपावर टाकू देईल, नाही तर चालत नेईन. आवारात पायरीच्या खाली पोतं टाकलेलं असेल. पोत्याला लागून मी ती खुर्ची मांडणार आहे. बाबा तिच्यावर बसले तर बसले. त्यांना मी ऊठही म्हणणार नाही आणि बसही म्हणणार नाही. ते नाही बसले तर मी बसणार आहे, शर्ट घालून, बाबांच्या चष्म्याची डबी आणि त्यांचं घड्याळ मांडीवर घेऊन. कॅमेरावाला म्हणेल, खुर्ची फ्रेममध्ये येते. येऊ दे. हलवली तर मी उठणार नाही. माझ्यासकट उचलावी लागेल.

भाऊसाहेबांचं बरोबरच आहे. ती खुर्ची त्या काळात नव्हती. मीही नव्हतो.